सात इंच

दुकानातल्या मुलानं आम्हाला बराच वेळ कमोड दाखवले. रिमलेस, सॉफ्ट क्लोज, काळा मॅट, एक तर असा की नुसतं जवळ गेलं तरी झाकण आपोआप वर. आई काठीवर दोन्ही हात ठेवून सगळं ऐकत होती, मधेमधे मानही हलवत होती आणि सगळं दाखवून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "बाळा, यावर बसल्यावर हात कुठं टेकवायचा?" मुलगा थांबला. चांगला होता तो, मन लावून दाखवत होता, पण हे त्याला आजवर कोणी विचारलं नसावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. थोडा वेळ आईकडे पाहून मग तो माझ्याकडे वळला, "मॅडम, तुमचं सेंटर किती आहे? चार, नऊ का बारा?" म्हणजे मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर. मी घरून मोजूनच नेलं होतं. सात इंच. तो म्हणाला, सात नसते मॅडम, परत मोजून घ्या. मी मोबाईलमधला फोटो दाखवला, टेप लावलेला, आकडा स्पष्ट.

सात इंचाचा कमोड त्या दुकानात नव्हता, पुढच्याही नव्हता.

घरी येताना रिक्षात मला त्या सातपेक्षा आईचा प्रश्न जास्त टोचत होता. दोन्ही गोष्टी एकाच चार बाय साडेतीन फुटाच्या खोलीतल्या, पण एकाचं उत्तर द्यायला टेप पुरतो आणि दुसऱ्याकडे इतकी वर्षं आमच्या घरात कोणाचं लक्षच गेलं नाही, बाबा होते तेव्हाही नाही.

सात कुठून आले ते आधी सांगते, कारण ज्यांची घरं चाळीसेक वर्षं जुनी आहेत त्यातल्या पुष्कळांच्या संडासात हेच निघेल. आमचा नागपूरच्या बजाजनगरचा फ्लॅट ऐंशीच्या दशकातला, पहिला माळा. तेव्हा इंडियन सीटच होती. पुढे बाबांचे गुडघे गेले तशी ती काढून साधी वेस्टर्न बसवली, तेव्हाच्या प्लंबरनं पाईपचा मध्य विटेच्या भिंतीपासून नऊ इंचावर घेतला. त्याचं काही चुकलं नाही, पण ती नऊ इंच कच्च्या भिंतीपासूनची. त्यावर पाऊण इंच प्लास्टर आलं, मग सिमेंटचा माल आणि पांढऱ्या टाईल्स, मग काही वर्षांनी जुन्या टाईल्स उखडायच्या नाहीत म्हणून त्यांच्यावरच दुसऱ्या टाईल्स, त्या फिकट निळ्या, आईच्या आवडीच्या. असं करत करत भिंत दोन इंच पुढे आली आणि पाईप बिचारा जिथल्या तिथं राहिला. कंपन्या अंतर धरतात ते तयार भिंतीपासून, टाईल्सच्या वरून. त्यामुळे कागदावर आमचं नऊ आणि प्रत्यक्षात सात. जुनी सीट बसली होती ती बसूनच राहिली म्हणून कोणाला कळलं नाही, ती खालून तडकली आणि फरशीवर ओल यायला लागली तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

आता सातचं काय करायचं. नऊचा कमोड घेतला तर टाकी भिंतीत दोन इंच घुसायला पाहिजे, ते शक्य नाही. चारचा घेतला तर बसतो, पण भिंतीपासून तीन इंच सुटून. मागे फट राहते, तिथं कचरा आणि झुरळं, हात काही पोचत नाही, पण ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण समोरची. आमचा संडास मागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत अठ्ठेचाळीस इंच. वन पीस कमोडची, म्हणजे टाकी आणि भांडं एकसंध असतं त्याची, लांबी साधारण सत्तावीस इंच, त्यात मागची तीन, झाले तीस, उरले अठरा. अठरा इंचात माणूस उभा राहू शकतो, पण गुडघे दुखणारं माणूस उठताना आधी पुढे वाकतं, डोकं पुढे नेतं, मग वजन पायावर घेतं. अठरा इंचात आईचं डोकं समोरच्या भिंतीला लागलं असतं. समोर एकवीस ते चोवीस इंच मोकळे पाहिजेत म्हणतात, ते का म्हणतात हे मला तिला खुर्चीवरून उठताना नीट पाहिलं तेव्हा कळलं. मी तिला न सांगता दोन-तीनदा पाहिलं.

पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, वॉल हंग लाव ना, भिंतीवर टांगलेला, खालून पुसता येतं, आजकाल सगळे तेच लावतात. त्याला आईसाठी चांगलंच पाहिजे होतं. पण वॉल हंगची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीत जाते, आमची ती भिंत साडेचार इंचाची, पलीकडे स्वयंपाकघराचा ओटा. आणि त्याचा पाईप भिंतीतून मागे जातो, आमचा सरळ खाली जमिनीत. फ्रेम भिंतीच्या पुढे घेऊन त्यावर पेटी बांधायची म्हटलं तर पुन्हा जागा गेली. मग राहिला पाईपच सरकवायचा उपाय. आमचे प्लंबरभाऊ खाली उकिडवे बसले, मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, दोन इंचासाठी अख्खा संडास फोडा लागते. खाली स्लॅब बुडालेली हाय, त्यात विटांचे तुकडे भरले, त्याखाली वॉटरप्रूफिंग. ते एकदा फोडलं ना, मंग खालच्या काकांच्या छतावर पाणी आल्याशिवाय राहत नाही." खालचे काका ऐंशीच्या घरातले, एकटे राहतात. त्यांच्या छताला ओल आणून आमच्याकडे चकाचक कमोड, हे आईला एक मिनिटही पटलं नसतं आणि मलाही नाही. मधे ऑफसेट कनेक्टर म्हणून एक रबरी तुकडा मिळतो, आम्हाला जो मिळत होता त्यानं मध्य फार तर दीड इंच सरकला असता. आम्हाला दोन पाहिजे होते. शिवाय जिथून मैला सरळ खाली पडायला पाहिजे तिथं असं वाकडं वळण दिलं की कधी ना कधी तिथंच अडकतं, हे प्लंबरभाऊंचं म्हणणं मला पटलं.

या सगळ्यात मी त्या छोट्या खोलीत इतका वेळ काढला जितका आयुष्यात काढला नसेल. मे महिना होता. दुपारी बारानंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की जेटला हात लावायची सोय नसते, आई सकाळीच एक बादली भरून ठेवते, थंड होऊ देते, मग मग्यानं वापरते. नागपूरच्या उन्हाळ्यातला हा बारीक त्रास बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. एक्झॉस्टच्या जाळीतून मागच्या गल्लीतल्या कडुलिंबाचा वास येतो, फिनाईलचा येतो आणि या वेळी त्यात तडकलेल्या सीटखालचा तो ओला, आंबूस वास. आई दर तासाला पुसायची. तिला लाज वाटत होती, घरी कोणी आलं की ती आधी संडासाचं दार लोटून घ्यायची. सत्तरी उलटलेल्या बाईनं स्वतःच्या घरात पाईपच्या सांध्याची लाज का बाळगावी, याचा मला फार राग यायचा, आणि राग कोणावर काढावा हे समजायचं नाही.

बाबा पडले ते याच खोलीत.

रात्रीची वेळ होती, आत धप्प असा आवाज आला आणि आम्ही दार ढकललं तर ते उघडेचना, कारण दार आत उघडणारं आणि बाबांचे पाय दाराला लागलेले. जोरात ढकलावं तर त्यांनाच लागणार. आतून ते म्हणत होते, "घाई नका करू, मी आहे, घाई नका करू." शेवटी त्यांनीच कसेबसे पाय आखडून घेतले तेव्हा फट झाली आणि मी आडवी होऊन आत शिरले. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर ते रात्री पाणी प्यायचे बंद झाले, संडासाला जायला लागू नये म्हणून, आणि हे आम्हाला खूप उशिरा कळलं. पुढे ते दार आम्ही उलटं करून घेतलं, आता बाहेर उघडतं, आणि आतली कडी अशी लावली की बाहेरून स्क्रू फिरवून काढता येते. त्याला एका सुताराची अर्धी सकाळ लागली. इतकं सोपं काम होतं ते. अजूनही जिथं जाते तिथं मी पहिलं पाहते की संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडतं, आणि शंभरातली बहुतेक आतच उघडतात.

महाल भागातल्या आजीच्या घराचा संडास वाड्याच्या मागच्या टोकाला होता. अंगण ओलांडून जायचं, पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन. माझ्या आठवणीत तो फ्लशचा झालेला होता, पण भिंतीच्या खालच्या बाजूला मागच्या अरुंद गल्लीत उघडणारं एक चौकोनी भगदाड होतं, विटांनी बुजवलेलं. ते कशाचं, असं मी एकदा विचारलं तेव्हा आजीनं सांगितलं की पूर्वी टोपलीचा संडास होता, आणि त्या गल्लीतून एक बाई यायची, तिथून टोपली ओढून डोक्यावर न्यायची. "तिच्या पदराला मी कधी हात नाही लावला," आजी म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. माणसाच्या डोक्यावरून मैला वाहून नेण्याला कायद्यानं बंदी आली १९९३ साली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, म्हणजे हे काही फार जुनं नाही, पहिला कायदाही माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्षांतला आहे. म्हणून पाईप, ट्रॅप, चेंबर याबद्दल कोणी नाक मुरडून बोललं की मला ते आवडत नाही. जमिनीखालच्या त्या चार इंच पाईपनं एका बाईच्या डोक्यावरची टोपली उतरवली.

आणि त्यातला तो वाकडा भाग, म्हणजे ट्रॅप, ज्यात नेहमी थोडं पाणी उभं राहतं, तो तर मला खरंच थोर वाटतो. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या माणसानं १७७५ साली त्याचं पेटंट घेतलं. दोन इंच पाणी फक्त, पण तेवढंच गटारातला वायू घरात येऊ देत नाही. नागपूरकरांना ते दुसऱ्या बाजूनंही माहीत आहे, उन्हाळ्याच्या सुट्ट्यात घर महिनाभर बंद ठेवून परत आलं की दार उघडताच भप्पकन वास येतो, कारण न्हाणीच्या जाळीखालचं तेच पाणी उन्हानं आटलेलं असतं. दोन मग पाणी ओतलं की संपलं. आम्ही जे ओततो ते पुढे कुठं जातं याचाही मी या निमित्तानं विचार करत बसले. अंबाझरीकडून येणाऱ्या नाग नदीचं आपण काय करून ठेवलं ते सगळ्यांना दिसतं. पण याच शहरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं, तो प्रकल्पच रोज १३ कोटी लिटरचा. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ साली इथंच सुरू झाली, १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणतो. एवढं सगळं ज्या गावात आहे तिथल्या सॅनिटरीवेअरच्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला हात टेकवायला काय, याचं उत्तर तयार नसावं, याचं मला वाईट वाटतं.

शेवटी उत्तर दुकानाच्या मागच्या बाजूला निघालं, शोरूमच्या उजेडात नाही. साधं सीट, नुसतं भांडं, खाली सरळ पाईपात जाणारं, आणि टाकी वेगळी, प्लास्टिकची, भिंतीवर लटकणारी. दोघांच्या मधे एक वाकडी फ्लशची नळी, जी प्लंबर पाहिजे तेवढी कापतो. यात टाकी भांड्यावर बसत नाही म्हणून सेंटर सात असो की साडेआठ, भांडं पाईपवर बसतं आणि नळी उरलेलं अंतर भरून काढते. लांबीही कमी. आमच्या हिशोबात समोर जवळपास चोवीस इंच मोकळे राहत होते. किंमत वन पीसच्या मानानं फारच कमी. आमचं बोअरचं पाणी जड, दोन वर्षांत टाकीतला वॉल्व्ह पांढरा पडून अडकतोच, तेव्हा या टाकीचा सामान कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधे मिळतो, कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागत नाही. सगळं पटत होतं. तरी माझं मन लागत नव्हतं. मला आईसाठी काहीतरी सुंदर घ्यायचं होतं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीचे नळ, दुसऱ्यांच्या उंचीचे ओटे वापरले, या घरात तिच्यासाठी म्हणून निवडलेली वस्तू बोटावर मोजण्याइतकी, आणि मी तिला देणार काय तर सरकारी दवाखान्यात असतं तसलं सीट. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मले त्याच्याकडे पाहत थोडंच बसायचं हाय? उठता आलं पायजे." ती नागपुरीत बोलते तेव्हा विषय संपलेला असतो.

उंचीचं मात्र तिच्यामुळेच कळलं. दुकानात सांगितलं होतं, सिनिअर सिटिझनसाठी उंच सीट घ्या, अठरा इंची. पण आई पाच फुटाच्याही आतली. अठरावर बसवून पाहिलं तर तिच्या टाचा जमिनीवर टेकत नव्हत्या, आणि टाचा टेकल्या नाहीत तर उठायला जोर कुठून आणणार, पोट साफ व्हायलाही त्रासच. मग घरातल्या ज्या स्टुलावरून ती सहज उठते तो मोजला, सोळा निघाला. साधं सीट झाकणासकट तेवढंच भरतं. उंच माणसाला, बाबांना, सोळा नक्की कमी पडलं असतं. बाबांच्या वेळेला आम्ही असं काही मोजलं नाही.

बसवायच्या दिवशी प्लंबरभाऊंनी जुनं सीट काढलं तेव्हा ते पांढऱ्या सिमेंटमधे इतकं पक्कं बसलेलं की फोडूनच निघालं. तेच तर तडकायचं कारण होतं, सिमेंट काही लवत नाही, भांडं जरा हललं की तडा जातो. खाली जुना बिडाचा पाईप, आतून गंजून खरबरीत झालेला, सांध्यात अजून तागाची दोरी आणि शिसं. छिन्नीनं, मग पोलिश पेपरनं ते बराच वेळ आतून घासत होते, कारण रबरी कनेक्टरच्या पाकळ्या गुळगुळीत जागेवरच नीट धरतात. घाम टपकत होता, कूलर तिथपर्यंत पोचत नाही, आई बाहेर खुर्ची टाकून बसलेली आणि दर थोड्या वेळानं विचारायची, "भाऊ, ताक घेता का?" भांडं स्क्रूवर बसलं, कडेनं सिलिकॉन, मागे मात्र बोटभर जागा त्यांनी मुद्दाम उघडी सोडली. खालून कधी गळलं तर तिथून पाणी दिसेल, आत साचून काकांच्या घरात उतरणार नाही. हे मला फार आवडलं. मग आईला कपड्यांसकट सीटवर बसवलं आणि म्हटलं, आता उठ, जशी उठतेस तशी. उजवा हात जिथं भिंतीला गेला तिथं पेन्सिलनं खूण केली, तिथं स्टीलचा दांडा. टाईल्समधल्या प्लगवर तो टिकला नसता, वजन आलं की प्लग टाईलसकट निघतो, म्हणून भिंतीच्या आरपार बोल्ट घेतले, पलीकडे स्वयंपाकघरात ओट्याखाली पट्टी लावून नट कसले. ती पट्टी दिसते. दिसू दे.

मागच्या रविवारी आतेबहिणीसोबत बेसा रोडला एका नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट पाहायला गेले होते. तिची सासू तिच्याकडे राहायला येणार आहे. हॉल मोठा, बाल्कनीत झोपाळा, मॉड्युलर किचन, सगळं झकास. मास्टर बेडरूमच्या संडासात वॉल हंग, चकचकीत. दुसरा, जो सासूच्या खोलीला लागून, तो आमच्याएवढाच आणि दार आत उघडणारं. मी पर्समधून टेप काढला, आतेबहिणीनं दुसरं टोक धरलं. समोर वीस इंच. तिथल्या मुलाला विचारलं, सध्या ज्या माळ्याचं काम चालू आहे तिथं पाईपचा मध्य भिंतीपासून किती घेतला आणि तो टाईल्स धरून की सोडून, कारण दांडा लावायची भिंत, दार, सीट सगळं आताच ठरवलं तर फुकटात होतं, नंतर फोडावं लागतं. त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं टाळलं नाही, लगेच साईट इंजिनिअरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला नऊ. टाईल्स धरून का, असं मी पुन्हा विचारायला लावलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग तो म्हणाला, मिस्त्रीला विचारून सांगतो, आणि दाराचं म्हणाल तर या माळ्यावरच्या चौकटी अजून बसायच्या आहेत, लेखी द्या, बाहेर उघडणारं करून देऊ. आतेबहिणीनं तिथंच त्यांच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला.